हात कोणासाठी वर जाणार?

११ सप्टेंबर २०१५ रोजी बेंगळुरूच्या एन. आर. स्क्वेअरमधल्या केंपेगौडा पौर सभांगणात महापौरपदाची निवडणूक झाली. तीन आठवड्यांपूर्वी, २२ ऑगस्टला, शहराने नगरसेवक निवडून दिले होते. १९८ जागांपैकी भाजपला १००, काँग्रेसला ७६, धर्मनिरपेक्ष जनता दलाला १४ आणि अपक्ष व इतरांना मिळून ८ जागा मिळाल्या होत्या. निम्म्याहून एक जागा जास्त म्हणजे स्पष्ट बहुमत. साध्या हिशेबाने महापौर भाजपचाच व्हायला हवा होता.

महापौर झाले काँग्रेसचे बी. एन. मंजुनाथ रेड्डी. त्यांना १३१ मतं मिळाली, भाजपच्या उमेदवाराला १२८.

१९८ नगरसेवकांच्या सभागृहात एवढी मतं आली कुठून, हे समजून घेतल्याशिवाय बेंगळुरूच्या मतदाराला आपलं मत ठरवता येणार नाही. त्या दिवशी मतदानाचा हक्क एकूण २६० जणांना होता. नगरसेवकांबरोबर शहराशी जोडलेले ६२ खासदार, आमदार आणि विधान परिषद सदस्यही त्यात होते. २६० चं बहुमत १३१, आणि रेड्डींना मिळाली तीही नेमकी १३१. अपक्ष आणि जनता दलाचे नगरसेवक एका बाजूला वळले, राज्यात सत्तेवर असलेल्या पक्षाच्या आमदारांची भर पडली आणि पारडं फिरलं. मधल्या तीन आठवड्यांत अपक्षांना केरळातल्या रिसॉर्टमध्ये ठेवल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येत होत्या. काही विधान परिषद सदस्यांनी बेंगळुरूचा पत्ता दाखवून मतदार यादीत नाव घातलं, हा वाद त्यानंतर बराच काळ धुमसला आणि न्यायालयापर्यंत गेला.

आपल्या वॉर्डातल्या अपक्षाला ‘माणूस चांगला आहे, कोणत्याच पक्षाचा नाही’ म्हणून मत देणाऱ्या मतदाराने त्या वर्षी शहराचा महापौर ठरवण्यात सगळ्यात मोठा वाटा उचलला. बहुतेकांना तो उचलताना त्याची कल्पना नव्हती.

‘महापौर’ हा शब्द मराठीला सावरकरांनी दिला, असं मानलं जातं. कन्नडमध्येही तोच शब्द रूढ आहे. बेंगळुरूच्या कागदपत्रांत तर ‘पूज्य महापौररु’ असा उल्लेख असे. झगा, गळ्यातली साखळी आणि शहराचा प्रथम नागरिक हा मान, असं सगळं या पदाबरोबर येतं. अधिकार किती येतात, हा वेगळा प्रश्न आहे. पण त्याआधी मुदतीचा प्रश्न येतो.

बेंगळुरू महानगरपालिका १९४९ च्या कायद्याने उभी राहिली. जुनं शहर आणि इंग्रजांचा कँटोन्मेंट यांच्या दोन वेगवेगळ्या नगरपालिका तेव्हा एक झाल्या. २००७ मध्ये आसपासच्या सात नगरपालिका, केंगेरी आणि शंभरावर गावं तिला जोडून बृहत् बेंगळुरू महानगर पालिके, म्हणजे बीबीएमपी, जन्माला आली. वॉर्ड १०० चे १९८ झाले. महापौराची मुदत मात्र एकच वर्ष राहिली. २०१० च्या निवडणुकीनंतर एस. के. नटराज, पी. शारदम्मा, डी. वेंकटेश मूर्ती, बी. एस. सत्यनारायण आणि एन. शांतकुमारी असे पाच महापौर झाले. २०१५ नंतर मंजुनाथ रेड्डी, जी. पद्मावती, संपत राज, गंगांबिके मल्लिकार्जुन आणि गौतम कुमार असे आणखी पाच. पद दर वर्षी आरक्षणाच्या फेऱ्याप्रमाणे कधी सर्वसाधारण, कधी महिला, कधी अनुसूचित जाती, कधी मागासवर्ग असं फिरायचं. आरक्षण असायलाच हवं. त्याशिवाय यातली अनेक माणसं त्या खुर्चीपर्यंत पोचली नसती. अडचण होती ती एका वर्षाची. अर्थसंकल्प समजून घेण्यात पहिले काही महिने जातात, आणि शेवटचे काही महिने पुढच्या महापौराच्या चर्चेत.

याची किंमत शहराने कचऱ्याच्या ढिगांत मोजली. २०१२ मध्ये मावळ्ळीपुऱ्याचा कचरा डेपो बंद झाला आणि सगळा कचरा शहराबाहेरच्या मंडूर गावाकडे वळला. मंडूरच्या लोकांनी रस्ते अडवले, शहरात चौकाचौकांत ढीग साचले, उच्च न्यायालयाने ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे आदेश दिले. १ डिसेंबर २०१४ पासून मंडूरला कचरा टाकणं थांबलं. या अडीच वर्षांत महापौराच्या खुर्चीत एकामागून एक तीन माणसं बसली. अर्धवट राहिलेल्या कामाचा जाब नेमका कोणाला विचारायचा?

२०१९ चं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये काँग्रेसच्या गंगांबिके मल्लिकार्जुन १३० मतं मिळवून निवडून आल्या. जुलै २०१९ मध्ये राज्यातले सतरा आमदार फुटले, त्यांत बेंगळुरूचेही काही होते, आणि आघाडीचं सरकार कोसळलं; पाठोपाठ ते आमदार अपात्र ठरले. ऑक्टोबरमध्ये त्याच नगरसेवकांच्या सभागृहातून भाजपचे गौतम कुमार १२९ मतं मिळवून महापौर झाले. मधल्या काळात शहरातल्या एकाही सामान्य मतदाराने महापालिकेसाठी बोटाला शाई लावून घेतलेली नव्हती. विधानसौधातला वारा फिरला आणि एन. आर. स्क्वेअरमधलं निशाण त्याच्यामागे फिरलं.

म्हणून ‘महापौर म्हणून कोणाला पाठिंबा द्यायचा’ हा प्रश्न बेंगळुरूत जसाच्या तसा विचारता येत नाही. मतपत्रिकेवर महापौराचं नाव नसतं. मतदाराच्या हातात असतो तो वॉर्डातला नगरसेवक, म्हणजेच महापौर निवडणारा एक मतदार. त्या माणसाची निवड दोन कसोट्यांवर करावी लागते. वॉर्डात तो काय करेल, आणि सभागृहात त्याचा हात कोणासाठी वर जाईल? बहुतेक मतदार पहिल्याच कसोटीवर थांबतात, आणि तीही अर्धवट लावतात.

अर्धवट अशी, की नगरसेवकाकडून नेमकी कशाची अपेक्षा करायची हे या शहरात फार गुंतागुंतीचं आहे. नळाला पाणी देण्याचं आणि सांडपाण्याचं काम १९६४ पासून पाणीपुरवठा मंडळाकडे, बीडब्ल्यूएसएसबीकडे आहे. नव्या वसाहती आणि मोठे प्रकल्प विकास प्राधिकरणाकडे, बीडीएकडे, बस बीएमटीसीकडे, मेट्रो बीएमआरसीएलकडे, वीज बेसकॉमकडे. वाहतुकीचं नियंत्रण पोलिसांकडे, आणि पोलीस राज्य सरकारच्या हाताखाली. यांतली एकही संस्था महापौराला बांधील नाही. बेळ्ळंदूर तलावावर २०१७ आणि २०१८ मध्ये आग लागली आणि पाण्याला आग लागते कशी, म्हणून जगभर छायाचित्रं फिरली. तलावात सांडपाणी येत होतं ते पाणीपुरवठा मंडळाच्या कारभारातून, तलाव तेव्हा बीडीएच्या ताब्यात, आणि प्रदूषणावर नजर ठेवणारं मंडळ तिसरंच. अशा वेळी प्रत्येक खातं हात वर करतं आणि लोक मात्र नगरसेवकाच्या दारात उभे राहतात.

२०१६ चा पोलादी उड्डाणपूल आठवावा. बसवेश्वर सर्कलपासून हेब्बाळपर्यंत सुमारे पावणेसात किलोमीटरचा, जवळपास १,८०० कोटींचा, आठशेवर झाडं तोडायला लावणारा पूल बीडीए बांधणार होतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हजारो लोक हात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ‘स्टील फ्लायओव्हर बेडा’, म्हणजे पूल नको, ही घोषणा घराघरांत पोचली. २०१७ च्या मार्चमध्ये सरकारने प्रकल्प मागे घेतला. शहराचं रूप बदलून टाकणाऱ्या या निर्णयात निवडून आलेल्या महापालिकेला निर्णायक जागा नव्हती. तो थांबवला लोकांच्या साखळीने.

मग नगरसेवकाच्या हातात उरतं काय? बरंच उरतं, आणि ते रोजच्या जगण्याच्या अगदी जवळचं आहे. गल्लीतले रस्ते, फुटपाथ, पावसाळी गटारं, पथदिवे, घरोघरचा कचरा, उद्यानं, पालिकेच्या शाळा आणि दवाखाने, आणि त्यासाठी वॉर्डाला येणारा निधी. मंडूरच्या धक्क्यानंतर वॉर्डावॉर्डांत सुक्या कचऱ्याची संकलन केंद्रं उभी राहू लागली. कुठे ती चांगली चालली, कचरावेचकांच्या हाती व्यवस्थापन आलं, कुठे जागाच मिळाली नाही. जागा मिळवून देणं, शेजाऱ्यांचा विरोध समजुतीने सोडवणं, ठेकेदाराची गाडी रोज येते का ते पाहणं ही कामं कोणत्याही जाहीरनाम्यात झळकत नाहीत, पण वॉर्ड त्यांच्यावर चालतो.

दुसरी गोष्ट वॉर्ड समितीची. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या. ती १ जून १९९३ पासून लागू आहे. बेंगळुरूत या समित्या कागदावरून जमिनीवर यायला नागरिक संघटनांचा पाठपुरावा आणि उच्च न्यायालयाचा रेटा लागला. २०१८ च्या शेवटापासून महिन्याच्या ठरल्या शनिवारी बैठका घेण्याची पद्धत सुरू झाली. समितीचा अध्यक्ष नगरसेवक. काहींनी बैठका मनापासून घेतल्या, खर्चाचा कागद लोकांसमोर ठेवला. काहींनी त्या टाळल्या. पुन्हा उभ्या राहिलेल्या माजी नगरसेवकाला पारखायचं असेल तर हा सगळ्यात सोपा पुरावा आहे. वॉर्ड समितीच्या किती बैठका झाल्या, त्यांची इतिवृत्तं आहेत का, सभागृहात हजेरी किती होती, वॉर्डात कोणत्या कामाचं बिल कोणाला किती गेलं. फलकावरच्या फोटोतून हे कळत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जातून कळतं.

प्रतिज्ञापत्र हा दुसरा पुरावा. उमेदवारांनी मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले जाहीर करावेत, हा लढा ज्या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने न्यायालयात नेला, तिच्या संस्थापकांतले एक प्राध्यापक त्रिलोचन शास्त्री पुढे बेंगळुरूच्या आयआयएममध्येच शिकवत होते. आज ते कागद मिळतात, वाचणारे कमी. वाचताना सगळ्याच खटल्यांकडे एकाच नजरेने पाहू नये. मोर्चात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मालमत्ता किती, यापेक्षा व्यवसाय कोणता आहे हे बघणं जास्त उपयोगी. जमीन-बांधकामाच्या धंद्यातला माणूस वाईटच असतो असं नाही. पण ज्या खात्याकडून बांधकाम परवाने मिळतात त्याच खात्यावर तो देखरेख करणार असेल, तर मतदाराला ते मत देण्याआधी माहीत असावं.

गर्दीचा प्रश्न इथे येतो. २०१५ मध्ये हजाराहून अधिक उमेदवार उभे होते, वॉर्डामागे सरासरी पाच-सहा. मतदान झालं सुमारे ४९ टक्के. २०१० मध्ये तर ४४ टक्क्यांच्या आसपास. समजा, वॉर्डात वीस हजार मतदार आहेत आणि दहा हजारांनी मत दिलं. पाच तगडे उमेदवार असतील तर तीन हजार मतांवरही माणूस जिंकू शकतो. म्हणजे वीस हजारांतल्या सतरा हजारांनी त्याला निवडलेलं नसतं. अशा लढतीत दीडशे घरांची एखादी सोसायटी किंवा एकगठ्ठा मतदान करणारी झोपडपट्टीची गल्ली निकाल फिरवते. झोपडपट्टीतले लोक हे ओळखून असतात आणि मतदानाला जातात. उंच इमारतींतले बरेच जण जात नाहीत, आणि नंतर नगरसेवक आपल्याकडे फिरकत नाही म्हणून हळहळतात.

जगातल्या इतर शहरांनी गर्दीवर वेगवेगळे उपाय शोधले. २०२३ च्या जूनमध्ये टोरंटोत महापौरपदासाठी तब्बल १०२ उमेदवार होते. ऑलिव्हिया चाऊ सुमारे ३७ टक्के मतांवर जिंकल्या. न्यूयॉर्कमध्ये २०२१ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत तेरा नावं होती. तिथे मतदार पाच जणांना पसंतीक्रम देऊ शकत होते. सगळ्यात मागे पडलेला बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि एरिक ॲडम्स यांनी कॅथरीन गार्सिया यांना सव्वासात हजारांहून कमी मतांनी मागे टाकलं. या पद्धतीत मनातल्या उमेदवाराला पहिली पसंती देऊनही दुसरं मत वाया जात नाही. आपल्याकडे विधान परिषद आणि राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार हाच पसंतीक्रम वापरतात. वॉर्डाच्या मतदाराला मात्र एकच शिक्का किंवा एकच बटण. त्यामुळे ‘आवडता कोण’ याबरोबर ‘नको असलेला कोण, आणि त्याला रोखू शकणारा कोण’ हा हिशेब त्याला डोक्यात करावा लागतो. हा हिशेब करण्यात कमीपणा नाही. पण तो गल्लीतल्या अफवेवर न करता मागच्या निवडणुकीतल्या वॉर्डाच्या मतांच्या आकड्यांवर करावा.

महापौर थेट लोकांनी निवडला की सगळं सुटेल, असं बेंगळुरूत अनेकांना वाटतं. थेट निवडीत बळ आहे यात शंका नाही. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात महापौर थेट निवडले जातात, २०२२ पासून बिहारमध्येही. महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट निवडले जातात, महापौर नाही. पण या वाटेवरचे खड्डेही दिसलेले आहेत. २००९ मध्ये जयपूरने काँग्रेसच्या ज्योती खंडेलवाल यांना थेट महापौर केलं आणि सभागृहात बहुमत भाजपला दिलं. पुढची पाच वर्षं दोघांत रस्सीखेच चालली. शिमल्यात २०१२ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे संजय चौहान थेट निवडून आले, तेव्हा पंचवीसच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे नगरसेवक तीन होते. राजस्थान आणि हिमाचल दोन्ही राज्यांनी पुढे ती पद्धत सोडली. महापौराला लोकांचा कौल आणि सभागृहाचा आधार दोन्ही लागतात, आणि त्यातला दुसरा आधार वॉर्डातूनच येतो. म्हणजे पद्धत बदलली तरी नगरसेवक नीट निवडण्यातून मतदाराची सुटका होत नाही.

कर्नाटकातल्या मराठी माणसाला हे गणित बेळगावमुळे तोंडपाठ आहे. तिथे वर्षानुवर्षं निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नसे. मराठी गट आणि कन्नड-उर्दू गट अशी फळी असायची आणि महापौर कोणाचा यावर सीमाप्रश्नाचा मान-अपमान ठरायचा. २००५ मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे कामानिमित्त बेंगळुरूला गेले असताना ११ नोव्हेंबरला त्यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं, आणि पाठोपाठ राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. मराठी घरांत ती जखम अजून ताजी आहे. एका शहराच्या प्रथम नागरिकाला राजधानीत असं वागवलं गेलं, हे भाषेच्या पलीकडे जाऊनही लाजिरवाणं होतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये बेळगावात पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या. मराठी मतं विकास, पक्ष आणि अस्मिता यांत विभागली. पण निवडून आलेल्या या सभागृहाला महापौर मिळाला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. जवळपास दीड वर्ष खुर्ची रिकामी राहिली. शोभा सोमनाचे महापौर झाल्या. अस्मितेवर दिलेलं मत असो की विकासावर, सभागृह वेळेत बसवण्याचं बळ त्यात आपोआप येत नाही, हे त्या सतरा महिन्यांत दिसलं.

बेंगळुरूत तर सभागृहच नाहीसं झालं. सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपली. वॉर्ड १९८ वरून २४३ करायचे ठरले, मग २२५. आरक्षणाची यादी न्यायालयात गेली, फेररचना पुन्हा झाली. घटनेत पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं स्पष्ट लिहिलेलं असताना २०२५ संपेपर्यंत शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आउटर रिंग रोडवरच्या वसाहती बुडाल्या, लोक ट्रॅक्टरमधून आणि बोटीतून कामावर गेले, तेव्हा राजकालुवे, म्हणजे मोठे पावसाळी नाले, कोणी बुजवले याचा जाब वॉर्डात विचारायला माणूस नव्हता. २०२५-२६ चा पालिकेचा जवळपास २० हजार कोटींचा अर्थसंकल्प अधिकाऱ्यांनीच मांडला आणि त्यांनीच मंजूर केला. महाराष्ट्राने याबाबत नाक वर करू नये. मुंबई, पुण्यासह बहुतेक महापालिकांच्या मुदती २०२२ मध्ये संपल्या आणि मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला.

आता चौकटच बदलली आहे. ग्रेटर बेंगळुरू गव्हर्नन्स कायद्याने सप्टेंबर २०२५ मध्ये बीबीएमपीच्या जागी पाच महापालिका आल्या: मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. वर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण, अध्यक्ष मुख्यमंत्री. वॉर्ड एकूण ३६९. पश्चिमेत ११२, उत्तर आणि दक्षिणेत ७२-७२, मध्यमध्ये ६३, पूर्वेत ५०. महापौर एकाऐवजी पाच, आणि मुदत एका वर्षाऐवजी अडीच वर्षं. निवड मात्र पूर्वीसारखीच अप्रत्यक्ष. एका सूत्रात बांधलेली राजधानी पाच महापौरांच्या हाती गेली आणि मोठे निर्णय मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर, ही टीका रास्त आहे. तरी दोन गोष्टी मतदाराच्या बाजूच्या आहेत. २०११ च्या जनगणनेतली ८४ लाखांची वस्ती जुन्या १९८ वॉर्डांत भागली तर वॉर्डामागे साडेबेचाळीस हजार लोक येत होते. ३६९ मध्ये तेवीस हजारांच्या आत. मुंबईच्या २२७ वॉर्डांत हाच आकडा पंचावन्न हजारांच्या आसपास जातो. आणि अडीच वर्षांत महापौराचं काम मोजता तरी येतं.

पूर्वेसारख्या पन्नास वॉर्डांच्या महापालिकेत सव्वीस नगरसेवक म्हणजे निम्म्याहून जास्त. तिथे दोन-तीन अपक्षांनी किंवा एखाद्या छोट्या पक्षाने महापौर ठरवण्याची शक्यता २०१५ पेक्षा किती तरी जास्त. फक्त महापालिकेच्या कामासाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरू नवनिर्माण पक्षासारख्या प्रयत्नांना म्हणूनच या रचनेत अर्थ आहे. पण अपक्षाला किंवा नव्या पक्षाला मत देणाऱ्याने जास्त प्रश्न विचारायला हवेत. पक्षाच्या नगरसेवकाला पक्षांतरबंदीचा कायदा बांधतो. त्याचा हात कुठे वर जाईल हे चिन्हावरूनच कळतं. अपक्षाला असं बंधन नसतं. तो मतदानानंतरच्या आठवड्यात मोकळा असतो, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडे येणारी माणसं वॉर्डातली नसतात.

व्हाइटफील्ड, बेळ्ळंदूर किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत दहा-पंधरा वर्षं राहिलेली, पण मतदार ओळखपत्र अजून पुण्या-नाशिकच्या पत्त्यावर ठेवलेली मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. पाणी टँकरने विकत घेतात इथे, आणि मत असतं तिकडे. वॉर्डाच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. पत्ता बदलण्याचा फॉर्म ८ आधी भरला नाही तर निवडणुकीच्या तोंडावर काहीच करता येत नाही. नगरथपेठेत पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी घरं हे नीट जाणतात. नगरसेवक कोण, त्याचा भाऊ कोण, तो सकाळी कुठे भेटतो हे त्यांना माहीत असतं. कन्नड येत नाही म्हणून वॉर्डाच्या बैठकीला न जाणं ही नव्यांची अडचण खरी आहे, पण कामापुरतं कन्नड शिकायला एवढी वर्षं लागत नाहीत.

प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराशी बोलायला मतदाराला फार तर दोन मिनिटं मिळतात. पाणी कधी येणार, मेट्रो कुठपर्यंत येणार, हे विचारून ती वाया जातात. ते त्याच्या हातात नाही. वॉर्ड समितीची बैठक कोणत्या शनिवारी घेणार, हे विचारता येतं. वॉर्डातल्या कामांची बिलं तिथे मांडणार का, हेही. आणि मग दुसऱ्या कसोटीचा प्रश्न. बेंगळुरूत महापौराची निवड गुप्त मतदानाने होत आली नाही. विभागीय आयुक्त सभेचं कामकाज चालवतात, उमेदवाराचं नाव पुकारलं जातं आणि सदस्य हात वर करतात. कोणाचा हात कोणासाठी वर गेला याची नोंद होते आणि ती सगळ्यांना दिसते. त्यामुळे दारात उभ्या असलेल्या माणसाला, विशेषतः तो अपक्ष असेल तर, सरळ विचारावं: महापौरपदासाठी नाव पुकारलं जाईल तेव्हा तुमचा हात कोणासाठी वर जाईल, आणि तो ठरवण्याआधी तुम्ही वॉर्डातल्या लोकांना बोलावणार आहात का?

२०१५ मध्ये अपक्ष निवडून दिलेल्या वॉर्डांतल्या मतदारांनी हा प्रश्न मधल्या त्या तीन आठवड्यांत विचारला असता, तर उत्तर केरळातून नाही, वॉर्डातून आलं असतं.